आदल्या दिवशीची साखर

७ फेब्रुवारी २००६

"उद्या बाईंकडं जायचंय, आज भात नगं." — आई म्हणायची. महिन्यातून एकदा, ताटावर बसता बसता. आज शुक्रवार पेठेतल्या दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि हे वाक्य कुठूनसं आलं. आईला जाऊन आठ वर्षं होतील. तिची किती बोलणी विसरले, आणि राहिलं काय — भात नगं!

बाई म्हणजे डॉक्टर जरीना. आई-आबा दोघांनाही मधुमेह, दोघंही त्यांच्याकडेच. आता आबा एकटे जातात — महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, हडपसरहून बसने स्वारगेट आणि तिथून चालत. सत्तरी उलटली तरी धोतराला इस्त्री, डोक्यावर स्वच्छ टोपी. लग्नाला निघाल्यासारखे.

आज मीही गेले, कारण बाईंनी बोलावलं होतं. त्यांचे शोधनिबंध आजवर इंग्रजी मासिकांत छापून आले. आता त्यांना ते साध्या मराठीत पुस्तक करून हवेत. "ज्यांच्यावर लिहिलं त्यांनाच वाचता येत नाही. हा मोठा विनोद झाला," म्हणाल्या.

"मला वैद्यकातलं काही कळत नाही, बाई."

"म्हणूनच तुला बोलावलं. कळणारे सगळे अगम्य लिहितात."

आबांनी पिशवीतून अंजीर काढले. दिवे गावच्या आत्याच्या बागेतले, केळीच्या पानात बांधलेले. बाई म्हणाल्या, "आबा, हे मी एकटी खाणार आणि तुम्ही नुसतं बघणार. चालेल?"

"बघायलाच आणल्यात," आबा.

साखर मोजली. आकडा चांगला. दरवेळी चांगलाच असतो. बाईंनी कागद कुसुमला दाखवला — कुसुम म्हणजे त्यांची नर्स, पहिल्यापासूनची — आणि म्हणाल्या, "बघ, ह्याला म्हणतात पेशंट." आबा लाजले! खरंच लाजले. पाटी दाखवून शाबासकी मिळालेल्या मुलासारखे.

मग बिनसाखरेचा चहा आला. दोघांनी मिळून घेतला. मला कुणी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

निबंधांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर. पहिलं पान तीनदा वाचलं. माधव डोकावून म्हणाला, "नवऱ्याच्या पगारावर कादंबऱ्या लिहून झाल्या, आता डॉक्टरकी?"

चहात त्याला साखर कमी घातली. त्याला कळलंसुद्धा नाही!

१५ फेब्रुवारी

पायांच्या जखमांवरचा निबंध संपवला. मग स्वतःचे तळवे आरशात पाहिले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा!

२० फेब्रुवारी

आजचा निबंध वाचताना हसू येत होतं.

गोष्ट अशी. बाईंच्या लक्षात आलं की काही पेशंटांचे आकडे दरवेळी छान, पण डोळे, पाय, मूत्रपिंड मात्र बिघडत चाललेले. मग त्यांनी एक दुसरी तपासणी सुरू केली — तिच्यात त्या दिवसाची साखर दिसत नाही, मागच्या तीन महिन्यांची सरासरी दिसते. आणि बिंग फुटलं. ही माणसं दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशीच पथ्य करत होती. साहेब येणार म्हणून शाळेला चुना लावतात ना, तसं.

पण गंमत पुढे आहे. ही लबाडी सगळ्यात जास्त कुणी केली? नव्या पेशंटांनी नाही. बेफिकीर लोकांनी नाही. जे वर्षानुवर्षं येतात, येताना भाजी आणतात, लेकीच्या लग्नाची पत्रिका पहिली बाईंना देतात — त्यांनी! ज्यांचा डॉक्टरवर जीव, त्यांचा आकडा सगळ्यात खोटा.

इंग्रजीतल्या एका शब्दापाशी अडले. ओढ लिहू? लोभ? आपुलकी? बाईंना फोन केला.

"माया लिही," त्या म्हणाल्या. "रोग तोच आहे."

"आणि बाई, शेवटी उपाय नाही लिहिलेला."

"सापडला असता तर लिहिला नसता का?"

फोन खाली ठेवल्यावरही हसत होते. माणसं किती वेडी असतात!

६ मार्च

हडपसर. रात्री इथेच राहणार, म्हणजे सकाळी आबांबरोबर निघता येईल. खिडकीतून पूर्वी आपला कांदा दिसायचा, आता काचेच्या इमारती. आबा म्हणतात, "काचंचं पीक. पाणी लागत न्हाई."

मी आमटी-भात केला. आबांना माझ्या हातचा आमटी-भात आवडतो. गेल्या आठवड्यात आले होते तेव्हा दोनदा वाढून घेतला होता, वर गुळाचा चहा.

आज ताट पुढे केलं तर हाताने भात बाजूला सारला.

"उद्या बाईंकडं जायचंय. आज भात नगं."

अगदी आईच्याच सुरात. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

निबंध माझ्या पिशवीत होता! मी त्याचं मराठी केलं होतं, हसत हसत — जसे काही ते लोक दुसऱ्या गावचे होते.

"आबा, नेहमी असंच करता?"

"कसं?"

"आदल्या दिवशी उपास."

"मग? त्या एवढं जीव तोडून बघतात. कागदावर आकडा वाढला की त्यांचं तोंड एवढंसं हुतं. बघवत न्हाई."

"पण आकडा तुमचा आहे, आबा. त्यांचा नाही."

"माझा कसला? झाड त्यांनी लावलंय. त्यांच्या म्होरं वाळकं न्यायचं?"

आबा ताक पिऊन उठले. टोपी धुऊन वाळत घातली.

७ मार्च

स्वारगेटला बसमधून उतरलो. आबा चार पावलं चालले आणि थांबले. चेहरा घामाने डबडबलेला, ओठ पांढरे. मी हात धरला तर झटकला. म्हणाले, "मथुरे, बैलं सोड."

मथुरा म्हणजे आई.

आणि खाली बसले. गर्दीत, धुळीत, त्या इस्त्रीच्या धोतरासकट. मला काही सुचेना. नुसती "आबा, आबा" करत राहिले. रांगेतला एक रिक्षावाला धावत आला. अकबर नाव. "ताई, यांना शुगर आहे का? माझ्या अम्मीला असंच होतं, शुगर उतरली की." आणि थेट रसवंतीकडे पळाला. उसाच्या रसाचा पेला आणून घोट घोट पाजला. मला म्हणाला, "रडू नका, डोकं वर धरा त्यांचं." रिक्षात घालून दवाखान्यातही त्यानेच आणलं.

वाटेत आबांना हळूहळू जग दिसायला लागलं. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य —

"बाईंना सांगू नको."

"पडलात ते?"

"रस प्यालो ते."

हसावं की रडावं! मग एकेक करून काढून घेतलं. काल दुपारपासून ताकाशिवाय पोटात काही नव्हतं, आणि आकडा आणखी छान यावा म्हणून सकाळी गोळ्याही जास्त घेतल्या होत्या!

दवाखान्यात बोट टोचलं. उसाच्या रसाने आकडा वर गेलेला. बाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला. आबा म्हणाले, "मशीन बिघडलं आसंल."

मी सांगून टाकलं. सगळं. भात, ताक, गोळ्या, रस. आबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. असं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी स्वतः सुई घेऊन रक्त काढलं, कुसुमला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "आबा, तीन महिन्यांची तपासणी मी सगळ्यांची करते. तुमची कधी केली नाही."

"गरज न्हवती, बाई."

"हो. मलाही तसंच वाटायचं."

मग माझ्याकडे वळल्या. "तूही बोट दे. आई-वडील दोघंही मधुमेही तुझे." माझा आकडा सीमेवर. "अजून अलीकडे आहेस. पलीकडे जायची घाई करू नकोस," म्हणाल्या.

आज चहा आला नाही.

१० मार्च

बाईंचा फोन. आबांची तीन महिन्यांची सरासरी अकरा. सातच्या आत हवी. लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत, म्हणजे मूत्रपिंडाला झळ पोचली आहे. डोळ्यांच्या पडद्यावरही बारीक ठिपके.

"वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "पण इथून पुढे ते काय खातात ते खरं कळलं पाहिजे. खोट्या आकड्यावर औषध दिलं की काय होतं ते स्वारगेटला पाहिलंस."

मग, "मैना, तुझी आईही...?"

खोटं बोलता आलं असतं. बाईंसाठी. आमच्या घरातली रीतच ती! पण आईचं ते भाताचं वाक्य मी त्यांना सांगितलं.

"मथुराबाईंचे कागद मी विद्यार्थ्यांना दाखवायचे," बाई म्हणाल्या. "आदर्श म्हणून."

आई सकाळी उठली नाही तेव्हा सगळे म्हणाले, रिपोर्ट तर चांगले होते. मीही तेच म्हणत आले, आठ वर्षं.

३० मार्च

पाडवा. आबा बिबवेवाडीला आमच्याकडे आले, गुढीला नमस्कार केला. श्रीखंडाकडे पाहून म्हणाले, "आता काय, खाल्लं तरी कळतं, न्हाई खाल्लं तरी कळतं." आणि खाल्लं नाही.

माधव त्यांना हसवायला म्हणाला, "आबा, तीन महिने सलग आदला दिवस समजा, झालं!"

"एक दिवस ठीक हाय हो जावईबापू. तीन महिनं कोण कुणासाठी उपाशी ऱ्हातंय?"

माझ्याशी मात्र अजून तुटकच. मी चहा दिला तर कपाला म्हणाले, "ह्यातली साखर बी सांगून येशील."

४ एप्रिल

आबा आले नाहीत.

मी स्वारगेटला उभी होते. हडपसरच्या बसमागून बस आल्या. शेवटी आबांच्या शेजारच्या घरी फोन केला. आबा फोनवर आले. "कसलं तोंड घिऊन येऊ? त्यांनी मला पेशंट म्हटलं आन् मी त्यांना फशिवलं. तूच जा."

गेले. बाकावर आबांच्या नेहमीच्या जागी कुणी बसलं नव्हतं. कुसुमने बसू दिलं नव्हतं बहुतेक. बाईंनी आत बोलावलं, माझ्या मागे पाहिलं.

"आले नाहीत?"

"लाज वाटते म्हणाले."

"त्यांना? अरे वा." चष्मा पुसत राहिल्या. "अमेरिकेत त्या निबंधाला टाळ्या पडल्या होत्या, तुला सांगितलं नाही ना मी? उभं राहून. आणि तेव्हा माझ्यापुढे महिन्याला कोण बसत होतं? मला कधी सुचलंच नाही, मैना. सगळ्यांच्या मायेचं मोजमाप घेतलं, आणि ह्या एका माणसाचा आकडा आपला — खराच असणार!"

आवाज तसाच, कोरडा. पण पुसून पुसून चष्म्याची काच निघायची वेळ आली होती.

बाहेर पडताना कुसुमने चहा दिला. गोड होता. मी म्हटलं, इथे साखर असते?

"असते की. बाई दोन चमचे घेतात. लहानपणापासूनची सवय, सुटत नाही."

"पण आबांबरोबर तर..."

कुसुम हसली. "फक्त पहिल्या मंगळवारी बिनसाखरेचा. आबांना वाईट वाटायला नको म्हणून. इतकी वर्षं! आणि तोंड वाकडं न करता पितात हो. आबा गेले की मग आतून आवाज — 'कुसुम, आता खरा चहा दे.'"

शुक्रवार पेठेतून स्वारगेटपर्यंत चालत आले. रस्त्यात दोनदा एकटीच हसले. एकदा डोळे पुसले. आबा आदल्या दिवशी उपाशी, आणि बाई त्या दिवशी फिक्या चहावर! दोघं एकमेकांसमोर इतके शहाण्यासारखे बसायचे. सगळी माया त्या अर्ध्या तासात, आणि खरं काय ते दाराबाहेर.

११ एप्रिल

आबांना पाहून आले. जरा वाळलेत. संध्याकाळी पाय मुरमुरतात, मुंग्या येतात म्हणाले — सहज बोलून गेले, आणि लगेच, "आता हे बी सांग जाऊन!"

मी त्यांच्या पायांना तेल लावलं. नको म्हणाले नाहीत. बोटांमधलं नीट पाहिलं — बाईंच्या निबंधात लिहिलंय तसं. एक बोट दाबलं तर त्यांना कळलंच नाही.

ते आबांना नाही सांगितलं.

१९ एप्रिल

आज काहीतरी झालं!

आबांच्या टाचेला खिळा लागला. दुखलं नाही, रक्त दिसलं म्हणून कळलं. शुक्रवार पेठेत जायला तयार नाहीत, म्हणून मी हडपसरच्याच एका नव्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, माझ्या भाच्याच्या वयाचा, वर न बघता लिहिणारा. जखम बांधता बांधता विचारलं, "खाण्यात काय असतं, बाबा?"

आणि आबा बोलायला लागले. सकाळी गुळाचा चहा, दोन कप. दुपारी भाकरी, कधी तीन. संध्याकाळी भात, तोही भरपूर. शेजारी कुणी पेढे दिले तर ते. रात्री उठून शेंगदाणे-गूळ. गोळ्या कधी विसरतात, कधी दोन दिवसांच्या एकदम घेतात. मुरमुरणारे पाय. अंधुक दिसणं — हे तर मलाही माहीत नव्हतं! सगळं. हातचं काही न राखता.

तो लिहीत गेला. ना वा म्हणाला ना अरेरे. "बरं. आधी गोळी बदलू. भात बंद नका करू, वाटीभर खा, पण रोज तेवढाच. आठवड्याने परत या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आबा, त्याला सगळं सांगितलंत?"

"मग? इचारलं त्यानं."

"बाई वीस वर्षं विचारतायत."

"त्या पोराला काय वाटायचंय?" आबा म्हणाले. "त्याचा माझ्यावर कुठं जीव हाय?"

मी रस्त्यातच थांबले. मागून एक मोटरसायकलवाला ओरडला, "ताई, घर घ्या इथंच!"

२० एप्रिल

बाईंनी विचारलेलं नाही, आणि निबंध कधीच छापून झालाय. पण त्यांना न सापडलेला उपाय काल आबा माझ्या हातात देऊन गेले. तो बाईंना सांगायचा कसा?

२६ एप्रिल

आठवड्याने आबा स्वतःहून त्या मुलाकडे गेले. कुणाला न सांगता, जेवण न सोडता. आकडा वाईट आला. तसाच घेऊन परत आले आणि मला फोनवर वाचून दाखवला — आनंदाने! "खरा हाय," म्हणाले.

मग जरा वेळाने, "मैने, मंगळवारी बाईंकडं जायचं का गं? लई दिस झालं."

२९ एप्रिल

हडपसरला गेले होते. आबा टोपी धूत होते. दिव्याहून अंजीर मागवलेत, ह्या मोसमातले शेवटचे. मला जवळ बसवून घेतलं. तो तुटकपणा गेलाय आता. माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा.

"तू पुढं होऊन बाईंशी बोल. मी बाकावर बसतो. म्हणावं, म्हातारा चुकला. आता नीट वागंन. पर मला काढू नका म्हणावं. पोराकडून औषध घेतो ते बी बंद करतो म्हणावं. तुमच्याबगर कुणाकडं जाणार न्हाई म्हणावं."

हो म्हटलं.

पायाला तेल लावताना टाचेची जखम पाहिली. भरत आलीय. त्या मुलाच्या गोळीने.

१ मे

उद्या बाईंकडे जायचंय. आज भात खाल्ला. रोज खाते तेवढाच.

आबांचा निरोप माझ्याजवळ आहे आणि मी उद्या बरोबर त्याच्या उलट मागणार आहे. बाई नाहीच म्हणतील. चष्मा पुसतील, काहीतरी टोचणारं बोलतील, आणि नाही म्हणतील. आबांना कळलं तर तेही आयुष्यभर बोलणार नाहीत माझ्याशी. तरी पाठ करून ठेवलंय, ऐनवेळी अडखळायला नको —

बाई, आबांना पेशंट म्हणून सोडा. त्यांना त्या हडपसरच्या मुलाकडे जाऊ द्या. आणि पहिल्या मंगळवारी तुम्हीच घरी या चहाला — आधी न कळवता, आणि त्यांच्यासमोर दोन चमचे साखर घालून घ्या.